फ्रीडाचं ओगराळं

फ्रीडा नॅट्रसने आयुष्यात कुणाला ओगराळंभर रस्सा जास्त वाढला नाही की कमी वाढला नाही, आणि या एका गोष्टीचा तिला जो गर्व होता तो एखाद्या राणीला आपल्या मुकुटाचाही नसेल. खाणीच्या कँटीनमध्ये ती लागली तेव्हा तिच्या वेण्या कंबरेपर्यंत होत्या. खाणकामगारांच्या मोठ्या संपाच्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, वेल्फेअर हॉलमधली साऱ्या ब्रॅकनहोप गावाची चूल तिच्या ताब्यात आली. बटाटे असायचे, वाटाणे असायचे, कुणी देवमाणसाने पाठवलंच तर डुकराच्या मांसाचा तुकडा असायचा. त्या पातेल्याच्या तळाशी मांस कुठे आहे हे फक्त फ्रीडाला ठाऊक. तिचा नवरा आल्फ एकदा रांगेत हळूच म्हणाला, "जरा तळातलं घाल की गं." तिने त्याला सगळ्यांदेखत रांगेच्या शेवटी पाठवलं. पंक्तिप्रपंच तिला खपायचा नाही. "सगळ्यांना सारखं, नाहीतर कुणालाच नाही," हे तिचं वाक्य गावात इतकं मुरलं की पोरं गोट्या वाटतानाही तेच म्हणायची.

संप मोडला. पुढे खाणही बंद झाली. जाताना खाणीने खाली उतरायची विहीर बुजवली, तिच्यावरचं चाक उतरवलं, लोखंड विकलं; फक्त खोकला तेवढा आमच्यापाशी ठेवून गेली. आल्फ त्या खोकल्यानेच गेला. फ्रीडा खाणीत कधी उतरली नव्हती, पण तिने जन्मभर कोळशाची चूल फुंकली आणि त्यावर सिगारेटी ओढल्या, त्यामुळे तिची छातीही आमच्यासारखीच वाजायची.

गावात उरलं काय, तर टेकडीवरचे भाजीचे वाफे आणि उतारावरचा दवाखाना. वाफ्यांत आम्ही लीक लावतो. लीक म्हणजे कांद्याचा थोराड चुलतभाऊ. बाहेरच्यांना हसू येतं, येऊ दे. सप्टेंबरात प्रदर्शन असतं, आणि त्याआधीचा महिनाभर पुरुष माणसं आपापल्या वाफ्यावर खुर्ची टाकून राखण करतात, कारण वैरी कधी सुरी घेऊन येईल सांगता येत नाही. लीकला कोण काय खत घालतो हे तो बायकोलाही सांगत नाही.

दवाखान्यात डॉक्टर ओकेरेके. हे मूळचे नायजेरियातल्या एनुगूचे. त्यांच्या गावाशेजारीही कोळशाच्या खाणी होत्या, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं असतं तर त्यांचे निम्मे कष्ट वाचले असते. पण ते मितभाषी. गावाने त्यांना दोन हिवाळे जोखलं आणि तिसऱ्या वर्षी लीकच्या प्रदर्शनात परीक्षकांच्या टेबलाशी बसवलं. यापेक्षा मोठा मान आमच्याकडे नाही. फ्रीडा त्यांना "डॉक्टर, पोरा" म्हणायची. ते तिला "मिसेस नॅट्रस" म्हणायचे, आणि तिने कितीदा झापलं तरी ते सोडलं नाही.

एका वसंतात डॉक्टरांनी हॉलमध्ये सगळ्या खोकणाऱ्यांना बोलावलं. म्हणाले, विद्यापीठाचा अभ्यास आहे. जुनीच एक गोळी आहे. हिवाळ्यात छाती भरून येते, इस्पितळात न्यावं लागतं, ते या गोळीने टळतं की नाही ते बघायचं आहे. देशभरातले छोटे छोटे दवाखाने यात आहेत, आपलाही असावा असं मला वाटतं. चिठ्ठी टाकून निम्म्यांना खरी गोळी मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली.

"म्हणजे खडू," विल्फ हेस्लप मागून म्हणाला. विल्फ आमच्या वाफ्यांचा सेक्रेटरी. सहा वेळा लीकचा चषक घरी नेलेला माणूस, त्यामुळे कुठल्याही विषयात पहिला तोच बोलतो.

"खडू म्हणा हवं तर. कुणाला काय मिळालं ते तुम्हाला कळणार नाही. मलाही कळणार नाही."

"तुलाही नाही?" फ्रीडाने डोळे बारीक केले. "मग तू डॉक्टर कशाचा?"

हॉल हसला. डॉक्टरही हसले. मग त्यांनी विल्फला विचारलं, "तुमचं ते गुपित खत. ते खरंच चांगलं आहे हे कसं ठरवलंत?"

"एका चरात घातलं, शेजारच्या चरात नाही घातलं. त्यात अक्कल कसली?"

"आणि कुठल्या चरात खत आहे हे ठाऊक असलं, तर त्याच चराला तुम्ही जरा जास्त पाणी घालता की नाही? जास्त माया करता की नाही?"

सगळ्यांना पटलं, कारण आमच्यात असा एकही नाही जो ती माया करत नाही.

पहिला हात फ्रीडाचा वर झाला. "माझी छाती लिहून घे, डॉक्टर, पोरा." तेवढ्यावर थांबेल ती फ्रीडा कसली. दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर फिरली. "जमिनीखाली मैलभर जायला भ्याला नाहीत, आणि वाटाण्याएवढ्या गोळीला भिता होय रे?" असं म्हणून तिने एकेकाची लाज काढली. आमच्या एवढ्याशा दवाखान्यातून पंधरा माणसं उभी राहिली. शेजारच्या मोठ्या गावातून चार. हा आकडा फ्रीडा कुणालाही, न विचारता, बसथांब्यावरसुद्धा सांगायची. औषधाची बाटली तिने चहाच्या डब्याशेजारी, आल्फच्या फोटोपुढे ठेवली. नर्सकडे फुंकर मोजायला जायचं असलं की ती चर्चचा कोट घालून जायची.

पण फ्रीडापेक्षाही जास्त अभिमान होता तो टॉट कॉक्सनला. टॉट हाडांचा सापळा. दवाखान्याचा चढ चढताना तो जागोजागी थांबायचा आणि प्रत्येक ठिकाणी लोकांच्या बागेतल्या फुलांचं कौतुक करायचा, म्हणजे दम लागलाय हे दिसू नये. त्याचा बाप खाणीच्या धुळीने गेला होता, आणि कंपनीच्या डॉक्टरने कागदावर मृत्यूचं कारण लिहिलं होतं, हृदय; म्हणजे भरपाई द्यायला नको. "माझ्या बापाला कुणी मोजलं नाही," टॉट क्लबात बिअरच्या पेल्यावर सांगायचा. "मला मोजतायत. विद्यापीठातून मोजतायत." ऐकून ऐकून आमचे कान किटले होते, पण त्याला कुणी गप्प केलं नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या रविवारी सकाळी फ्रीडा टेकडीवर गेली. दर वर्षी त्या रविवारी ती राखणदारांसाठी स्टॉटी पाव नेते, चांगला हाताएवढा जाड, आत हॅम आणि वाटाण्याचा लगदा. विल्फच्या काचघराचं दार लोटलेलं होतं. आत आठ जण उलट्या बादल्यांवर गोल करून बसलेले. मधोमध लोणच्याच्या कांद्यांची मोठी बरणी. विल्फ बरणी हलवत होता, मग त्याने झाकण काढलं आणि पांढऱ्या गोळ्या एकेकापुढे मांडायला लागला, डॉमिनोच्या सोंगट्या मांडाव्यात तशा.

"हे काय चाललंय?" फ्रीडाने विचारलं.

कुणी दचकलं नाही. उलट सगळ्यांचे चेहरे खुलले. टॉट तर उठूनच उभा राहिला. "ये, ये! तुला प्रदर्शनाच्या दिवशीच सांगणार होतो. अगं, तुझाच कायदा चालवतोय."

"माझा कसला कायदा?"

"हा विल्फ बघ, उन्हाळाभर हरणासारखा चढ चढतोय. म्हणजे याला खरी गोळी. मी आहे तिथेच आहे, म्हणजे मला खडू. आता चिठ्ठी टाकून एकाला औषध आणि एकाला खडू, हे आपल्यात चालतं का? विल्फ स्वतःच म्हणाला, चालत नाही. तेव्हापासून दर रविवारी सगळ्यांच्या गोळ्या एका बरणीत. हलवायच्या आणि वाटायच्या. सगळ्यांना सारखं, नाहीतर कुणालाच नाही!"

"उरलेल्या गोळ्या मोजून परत दिल्या तरी हिशेब चुकत नाही," विल्फ म्हणाला. "नर्सला पत्ता नाही."

खोटं कशाला सांगायचं, पहिल्या क्षणी फ्रीडाचा ऊर भरून आला. इतकी वर्षं झाली, खाण गेली, युनियन गेली, निम्मं गाव गेलं, आणि तिचं वाक्य अजून या म्हाताऱ्यांच्या हाडात आहे. आपल्या वाट्याचं औषध विल्फने न सांगता बरणीत ओतलं होतं. कुठल्या गावात करतील असं?

मग पावाची टोपली तिने खाली ठेवली, आणि ठेवता ठेवताच तिच्या डोक्यात उजेड पडला. तिचं तोंड उतरलं.

"विल्फ," ती म्हणाली, "तुझ्या त्या गुपित खताचा बुधला मी रोज घेऊन सगळ्याच चरांत थोडा थोडा ओतला, तर?"

"तंगडं मोडीन तुझं."

"का रे? सगळ्या लीकना सारखं मिळेल की."

"अगं पण मग मला कळणार कसं कुठलं..." विल्फ तिथेच अडला. त्याने बरणीकडे बघितलं. बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

"रस्सा असता तर शहाणे ठरला असतात," फ्रीडा म्हणाली. "पण हा रस्सा नाही, गाढवांनो. हा प्रश्न आहे. आपण प्रश्नच ढवळून ठेवला."

टॉट हळूच बादलीवर बसला. "मग सोडून देऊ. उद्यापासून ज्याची त्याची बाटली. मागचं कशाला उकरायचं?"

"आणि मागचं तसंच गेलं विद्यापीठात? उद्या एखाद्या पोरीला, कुठल्या तरी दुसऱ्या गावात, डॉक्टर सांगेल ही गोळी घे किंवा घेऊ नकोस. आपल्या बरणीच्या जोरावर सांगेल?"

"तू डॉक्टरला सांगणार." टॉट म्हणाला. "फ्रीडा, तू आमची चुगली करणार?"

आमच्या गावात या शब्दाचं वजन काय आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. संपाच्या वेळी ज्याने आपल्या माणसांची नावं वर पोहोचवली, त्याच्या घराच्या पडद्यांचा रंग कोणता हे आजही कुणी सांगू शकणार नाही, कारण तिकडे कुणी बघतच नाही. फ्रीडाही नाही. बोलावं तर जन्मभर ज्यांना वाढलं त्यांच्याशी दगा, आणि गप्प बसावं तर ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त अभिमान होता तीच खोटी.

"मला काढतील गं," टॉट म्हणाला, आता अगदी हळू. "सगळं कळलं की पहिलं माझं नाव खोडतील. माझ्या बापासारखं."

फ्रीडाला स्वतःलाही तीच भीती होती. तिने पाव वाटले, नेहमीसारखे, कुणाला मोठा नाही की छोटा नाही. सगळ्यांनी खाल्ले. मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी चुगली करणार नाही. मी एकटी तिकडे पाऊलसुद्धा टाकणार नाही. जायचं तर सगळ्यांनी जायचं, नाहीतर कुणीच नाही. खाणीत ठरवायचो तसं ठरवू. हात वर करा."

विल्फचा हात पहिला वर गेला, आणि विल्फला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की चूक कबूल करणं त्याला लीक गमावण्याइतकं जड जातं. मग एकेक करून बाकीचे. टॉट आपल्या बुटांकडे बघत राहिला. कुणी त्याला घाई केली नाही. शेवटी तो म्हणाला, "चढ आहे. मला वेळ लागेल. मला सोडून पुढे जायचं नाही." आणि त्याने हात वर केला.

सोमवारी दवाखाना उघडला तेव्हा दारात नऊ माणसं उभी. फ्रीडाच्या अंगावर चर्चचा कोट, विल्फच्या काखेत बरणी. वाटेत टॉटसाठी सगळेच्या सगळे थांबत थांबत आले होते आणि सगळ्यांनी मिळून लोकांच्या बागांतल्या फुलांचं कौतुक केलं होतं. डॉक्टरांनी आत घेतलं. खुर्च्या पुरल्या नाहीत.

विल्फने सांगायला सुरुवात केली, टॉटने मधेमधे भर घातली. फ्रीडा शेवटी एवढंच म्हणाली, "वाक्य माझं होतं, डॉक्टर, पोरा. तेव्हा पहिली शिवी मला दे."

डॉक्टर ओकेरेके ओरडणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी आधी एकेकाला टेबलापाशी बोलावलं, नाडी बघितली, छातीला नळी लावली, कोण आणखी कुठल्या गोळ्या घेतो ते पुन्हा विचारलं. सगळे ठीक आहेत हे कळल्यावरच ते खुर्चीत बसले, आणि मग म्हणाले, "तुमच्यातल्या एखाद्याचं हृदय बंद पडलं असतं. कळतंय का? दुसऱ्याच्या बाटलीतलं औषध ते, त्याचं वजन, त्याच्या बाकीच्या गोळ्या बघून दिलेलं! मी तुमच्या बायकांना काय तोंड दाखवलं असतं?" सगळ्यांच्या माना खाली.

"मला हे आजच विद्यापीठाला कळवावं लागेल," ते म्हणाले.

"कळवा," टॉट म्हणाला. त्याने टोपी काढून हातात धरली होती. "आणि आमची नावं खोडणार असाल तर निदान माझं शेवटी खोडा."

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. "नावं कोण खोडतंय?"

"म्हणजे?"

"मिस्टर कॉक्सन, असल्या अभ्यासाचा एक नियम असतो. ज्या दिवशी तुमचं नाव चिठ्ठीने एका बाजूला पडलं, त्या दिवसापासून तुम्ही त्या बाजूचे. गोळी घेतलीत, विसरलात, कंटाळलात, मित्रांत वाटून खाल्लीत, तरी शेवटी मोजताना तुम्हाला तिथेच मोजायचं. गैरसोयीचा म्हणून कुणाला गाळायचं नाही. काय घडलं ते मात्र खरं खरं लिहायचं, म्हणजे हिशेब करणाऱ्यांना कळतं की इथे बरणी होती. तुम्ही लपवलं असतंत, तर तुम्ही आकड्यात असूनही खोटे ठरला असतात."

टॉटने हे चावून चावून ऐकलं. "एकदा आत, तो आत," तो म्हणाला.

"एकदा आत, तो आत."

"मग ही तर युनियनच झाली की!" टॉट म्हणाला, आणि इतका हसला की खोकल्याने त्याला भिंत धरावी लागली. फ्रीडाने पाठ फिरवून कोटाची बटणं नीट केली. ती आधीच नीट होती.

डॉक्टरांना ते सगळं स्वस्तात गेलं नाही. विद्यापीठातून दोन माणसं लांब चेहरे घेऊन आली. बरेच महिने आमच्या दवाखान्याला नवा माणूस अभ्यासात घेता आला नाही. बंद खोलीत डॉक्टरांना काय ऐकावं लागलं ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. पण त्याच आठवड्यातल्या शनिवारी प्रदर्शनात ते परीक्षकांच्या टेबलाशी वेळेवर येऊन बसले आणि त्यांनी विल्फच्या लीकला दुसरा नंबर दिला. विल्फ म्हणतो तो सूड होता. लीक बघितलेले लोक म्हणतात पहिल्याचा दांडा खरंच जाड होता.

आठ जणांना नव्या बाटल्या मिळाल्या. तेव्हापासून रविवारी विल्फच्या काचघरात निराळाच सोहळा. प्रत्येकाने आपली बाटली काढायची, आपली गोळी आपल्या तोंडात टाकायची, आणि बाकीच्यांनी बघायचं. कुणी शेजाऱ्याच्या बाटलीकडे नुसतं बघितलं तरी फ्रीडाचा आवाज यायचा, कारण आता ती दर रविवारी तिथे हजर असायची. रिकामी बरणी तिने धुऊन परत कांद्यांना लावली.

टॉट दुसऱ्या हिवाळ्यात गेला. झोपेत, घरीच. त्याच्या शवपेटीमागे आम्ही खाणीचा जुना झेंडा नेला, आणि चढावर जागोजागी थांबलो. मुद्दामच थांबलो.

निकाल त्यानंतर दीड वर्षाने आला. डॉक्टरांनी पुन्हा हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. फ्रीडाने चहा आणि बिस्किटं मांडली, बशीत सारखी. गोळीचा उपयोग होत नाही, डॉक्टर म्हणाले. खडूने जेवढं होतं तेवढंच तिने होतं. ज्याला त्याला आपापलं पाकीट मिळालं. फ्रीडाला खरी गोळी मिळाली होती आणि ती तिन्ही हिवाळे खोकली होती. विल्फने पाकीट फोडलं, वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चढावर हरणासारखा धावणाऱ्या विल्फच्या बाटलीत पहिल्यापासून खडू होता. हॉल इतका हसला की खिडक्या हादरल्या.

"म्हणजे आपण खडूसाठी एवढं रामायण केलं?" विल्फ म्हणाला. "हाती काय लागलं? काहीच नाही!"

"काहीच नाही कसं?" फ्रीडाचा आवाज चढला. "जे खत लागू पडत नाही ते लागू पडत नाही हे कळायला तुझ्या बापाची दहा वर्षं गेली होती की नाही? आता देशात कुणी ही गोळी फुकट गिळणार नाही. हे आपण शोधलं. ब्रॅकनहोपने शोधलं. आणि खरं बोलून शोधलं."

डॉक्टरांनी मान हलवली. मग त्यांनी कागद उचलला आणि शेवटचं वाक्य वाचलं: या अभ्यासात देशभरातले एकूण पंधराशे सदुसष्ट रुग्ण सहभागी झाले.

फ्रीडा उठून उभी राहिली. "त्यात टॉट आहे?"

"आहे, मिसेस नॅट्रस. टॉट कॉक्सनला धरूनच हा आकडा आहे."

"मग परत सांग, पोरा. मोठ्याने सांग. मागे दारापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

दाराजवळची ती खुर्ची टॉटची. मोकळा वारा मिळतो म्हणून तो नेहमी तिथे बसायचा, आणि त्या दिवशीही तिथे कुणी बसलं नव्हतं. हॉलमधल्या सगळ्या पुरुषांनी टोप्या काढल्या. डॉक्टर ओकेरेके उभे राहिले, घसा साफ केला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आमच्यासमोर ओरडून बोलले.

"पंधराशे सदुसष्ट!"